आभार नकोत

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी तीनला संपादकांची झूम बैठक. आफ्रिकेतलं वैद्यकीय संशोधन छापणारं आमचं जर्नल वाचायला सगळ्यांना फुकट आणि आम्हा चौघा संपादकांनाही त्यात राबायला फुकटच. मुख्य संपादक डॉ. नाकातो, कंपालाच्या बालरोगतज्ज्ञ. तीन वर्षांत बाई एकदाही हसलेली पाहिली नाही.
आज युरोपातल्या एका टीमचा पेपर परत पाठवला. सगळे रुग्ण आफ्रिकेतले आणि आठांपैकी आफ्रिकेतला लेखक एकही नाही. परतीचं पत्र मी लिहिलं. मजा आली, खोटं कशाला बोलू.
नाकातो : "डॉ. सबनीस, तुम्ही जर्मनीत बसून फार कडक लिहिता."
ही स्तुती होती की टोमणा, कळलं नाही. बहुतेक टोमणा.
गेल्या वर्षीचा 'आभार' नियमही माझाच. पेपरच्या शेवटी ज्याचे आभार मानलेत त्याला आमच्याकडून पत्र जातं : तुमचे आभार अमुक कामासाठी मानले आहेत, तुम्हाला मान्य आहे का? तुम्ही केलेलं काम एवढंच आहे का? हा मजकूर अक्षरन् अक्षर माझा. बैठकीत भांडून पास करून घेतला होता.

७ नोव्हें.
माझे बॉस प्रोफेसर हार्टविग सकाळी खोलीत. (दर वेळी पूर्ण नाव लिहायचा वैताग येतो. आजपासून ह.) मलावीचा पेपर तयार. नवजात बाळांचे जंतुसंसर्ग, एका जिल्हा रुग्णालयातली दोन वर्षांची नोंद. सगळं स्टॅटिस्टिक्स माझं. लेखकांत माझं नाव दुसरं.
आणि पाठवायचा कुठे? आमच्याच जर्नलला.
म्हटलं, मी तिथे संपादक आहे, मला या पेपरला हातही लावता येणार नाही.
"गेनाऊ, अगदी बरोबर, हात लावूच नका. पण तुमचं नाव बघून कुणी वाईट वागणार नाही ना."
निर्लज्ज. स्थानिक लेखक हवा हा नियमही पुरा केलाय : राजधानीतले एक बडे डॉक्टर. त्या वॉर्डात त्यांनी पाऊल ठेवल्याचं मला तरी माहीत नाही.
जाता जाता, दाराशी : पेपर स्वीकारला गेला की पेरसोनालला, म्हणजे एचआरला, तुमच्या पुढच्या फेरट्रागबद्दल लिहितो. माझं काँट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय. हे त्याने 'सहज' सांगितलं.

११ नोव्हें., एस-बान लोकलमध्ये
पेपर वाचला. स्टुटगार्ट येईपर्यंत डोकं फिरलं होतं.
वजनांचा परिच्छेद. "आम्ही गुंडाळलेल्या बाळांच्या वजनासाठी एक दुरुस्तीपद्धत विकसित केली." आम्ही!
ती पद्धत चिसोमोची. चिसोमो बांडा, त्या वॉर्डाचा क्लिनिकल ऑफिसर. म्हणजे डिग्री डॉक्टरची नाही, काम सगळं डॉक्टरचं. रजिस्टरची स्कॅन केलेली पानं माझ्याकडे आली तेव्हा वजनाशेजारी एक जास्तीचा, हाताने आखलेला रकाना होता, हिरव्या शाईत. मला वाटलं कचरा. काढून टाकणार होते. त्याला मेल केली तर उत्तर : वॉर्ड गार असतो, बाळाला उघडं करत नाही, आईच्या चितेंजेसकट, म्हणजे गुंडाळायच्या कापडासकट, काट्यावर ठेवतो. मग ते कापड वेगळं तोलतो आणि वजा करतो. रोज, कारण कापड ओलं असेल तर जड भरतं.
रोज. प्रत्येक बाळाचं. सांगितलं कुणी नव्हतं.
आठ महिने मी त्याला मेल करत होते. ओळ अमुक, वजन ३१ किलो कसं? दुसऱ्या सकाळी उत्तर हजर : ३.१, माझी चूक, सॉरी मॅडम. त्या रकान्याशिवाय निम्मी बाळं कमी वजनाच्या गटात धरलीच गेली नसती. पेपरचा सगळा निष्कर्ष त्यावर उभा आहे.
आणि पेपरात चिसोमो कुठे? शेवटी, आभारांत. "डेटा एंट्रीतील मदतीबद्दल."
आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर पीठ दळणाऱ्याला थँक्यू म्हणायचं.

१३ नोव्हें.
विचारलं ह.ला. नीट, शांतपणे. इथे आवाज चढवला की आपणच 'इमोशनल'.
"आल्झो, फ्राऊ सबनीस. तो संशोधक नाही. लेखक म्हणून नाव येऊन त्याला काय मिळणार? आणि त्याने कधी मागितलंय?"
मी म्हटलं, पद्धत त्याची आहे.
"पद्धत म्हणजे कल्पना. त्याने फक्त कापड तोललं."
मग घड्याळाकडे पाहिलं. मग सहीचा फॉर्म पुढे केला : सर्व लेखकांचे योगदान खरे व पूर्ण आहे.
केली सही.
दुसरं काही लिहायला नको आज. केली, बास. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

१४ नोव्हें., शुक्रवार
पेपर सिस्टिममध्ये चढवायचं काम अर्थात माझ्या गळ्यात. "तुम्हाला तो फॉर्म पाठ आहे." नाकातोला आधी कळवलं : माझ्या बॉसचा पेपर, मीही लेखक, मला यातून वगळा. तिचं उत्तर एका शब्दाचं. "वगळलं."
फॉर्म भरला. लेखक, शीर्षक, नीतिसमितीची परवानगी. मग 'आभार' : व्यक्तीचं नाव, ईमेल. रकाना रिकामा राहिला की मला चैन पडत नाही, दुसऱ्यांचे अर्धवट फॉर्म मी याच कारणासाठी परत पाठवते. चिसोमोचा पत्ता तर बोटांतच बसलाय. भरला. बटण दाबलं.
गाडीत बसल्यावर लक्षात आलं. ते पत्र आता आपोआप त्याला जाणार. माझंच पत्र.
मुद्दाम केलं का? नाही. शप्पथ नाही. ह.ने भरला असता तर स्वतःचाच पत्ता टाकला असता, बाकीचे तसंच करतात. असली चूक संपादकच करू जाणे.

२० नोव्हें.
नाकातोचा फोन. ती कधी फोन करत नाही.
"श्री. बांडांचं उत्तर आलंय. तुम्ही या पेपरच्या संपादक नाही, लेखक म्हणून ऐका." आणि वाचलं, सपाट आवाजात :
"माझे आभार मानू नयेत. मी डेटा एंट्री केली नाही. मी बाळं तोलली आणि ती कशी तोलायची ते ठरवलं. हे आभार मला मान्य नाहीत."
मी ते शब्दशः उतरवून घेतलं.
नाकातो : "तुमचा नियम आल्यापासून आभार नाकारणारा हा पहिला माणूस. तुम्ही ओळखता त्यांना?"
"हो."
"किती चांगलं?"
मी म्हटलं, आठ महिने. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग : "आणि पेपरवर तुमचं नाव दुसरं."
फोन तिनेच ठेवला. मला राग आला. तिचा. का, ते नंतर कळलं. ती माझ्याशी त्याच सुरात बोलली ज्या सुरात मी बाकीच्यांना पत्रं लिहिते.

२१ नोव्हें.
चिसोमोचं उत्तर ह.लाही पोचलेलं. चेहरा लालबुंद. दार लावून घेतलं.
"त्याचा पत्ता जर्नलला दिला कुणी?"
"फॉर्ममध्ये विचारतात."
"विचारतात म्हणून द्यायचा?!"
मग दहा मिनिटं : विश्वास, लॉयल्टी, तुम्हाला इथे कुणी आणलं, त्या माणसाला कुणीतरी फूस लावली आहे. कुणीतरी म्हणजे मी. चोराच्या उलट्या बोंबा. मी एक शब्द बोलले नाही आणि त्याचीच आता सर्वांत जास्त लाज वाटते. 'पद्धत त्याची आहे' एवढं पुन्हा म्हणता आलं असतं. गेल्या आठवड्यात म्हटलं होतं, मग आज काय धाड भरली होती?

२३ नोव्हें., रविवार
अनिकेतशी भांडण. झिंडेलफिंगेनच्या सप्लायरकडचं त्याचंही काम जूनपर्यंतच, पुढचं कुणी बोलत नाही. दोघांचीही नोकरी गेली तर आउसलेंडरबेहर्डेत व्हिसाच्या कागदांसाठी परत त्या रांगा.
"तू सही करताना तुला माहीत होतं ना?"
"होतं."
"मग आता अचानक काय झालं?"
"त्याला नको म्हणता आलं, हे झालं."
"त्याचं काय जातंय नको म्हणायला?"
यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. इरा खोलीतून ओरडली, "लाइझर, बिट्टे!" हळू बोला म्हणे. आठ वर्षांची पोर, मराठी भांडण पूर्ण समजतं, रागावते जर्मनमध्ये.
तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन. "अगं, मार्चचं नक्की झालं का तुझं?" म्हटलं, अहो आई, होईल. अनिकेत समोरच बसला होता. माझ्याकडे बघितलंही नाही.

२५ नोव्हें.
बैठक झाली, माझ्याशिवाय. संध्याकाळी प्रत्येक लेखकाला नाकातोचं पत्र, वेगवेगळं. तीन प्रश्न. प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, शुक्रवार दुपारी बारापर्यंत.
१. या पेपरमध्ये तुम्ही काय केलं?
२. वजनाची पद्धत कुणाची?
३. सही करताना, लेखक म्हणून कुणाचं नाव राहून गेलंय हे तुम्हाला माहीत होतं का?
तासाभरात ह.ची मेल सर्वांना : "सोयीसाठी" तयार उत्तरं जोडली आहेत. कॉपी करून पाठवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : पद्धत टीमने मिळून विकसित केली. तिसऱ्याचं : नाही.
राजधानीतल्या बड्या डॉक्टरांनी वीस मिनिटांत कळवलं, पाठवलं. त्यांना पेपर वाचायला तरी वेळ मिळाला होता का, देव जाणे.

२६ नोव्हें.
कँटीनमध्ये ह. माझ्या टेबलावर येऊन बसला. हे याआधी कधी घडलेलं नाही. सूपबद्दल बोलला. मग, पेरसोनालचा कागद टेबलावर आहे, सोमवारी सही करीन म्हणतो. मग, "तुमचं उत्तर गेलं का?"
म्हटलं, अजून नाही.
"बरं, बरं. घाई नाही. शुक्रवारपर्यंत वेळ आहे."
सूप तसंच टाकून उठले.

२७ नोव्हें.
चिसोमोला मेल केली. चार वेळा लिहून खोडली. शेवटी : माझं नाव मी काढून घ्यायला तयार आहे, दुसरी जागा तुमची, मी तसं जर्नलला कळवते. फार थोर वाटलं स्वतःला पाठवताना. निदान दहा मिनिटं.
नेहमी सकाळी उत्तर देणाऱ्या माणसाने आज पाऊण तासात दिलं :

"मॅडम, तुमची जागा मला नको. स्टॅटिस्टिक्स तुम्ही केलंत, ते मला येत नाही. मला माझी जागा हवी. तुमची नोकरी त्यावर आहे का ते मला माहीत नाही, तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. पण माझ्या रकान्याबद्दल तुम्ही आठ महिने प्रश्न विचारलेत. तो कुणाचा हे विचारायची वेळ आली तेव्हा मात्र मलाच पत्र आलं. तुम्हाला कुणी विचारलं नाही का?"

वाचून आधी संताप आला. मी एवढं सोडायला निघाले आणि हा... मग संताप ओसरला. त्याच्या तोंडाला पानं पुसणाऱ्यांत मीही होते, आणि जागा सोडण्याचा माझा डौल म्हणजे तिसऱ्या प्रश्नातून पळायची वाट होती. नाव काढून घेतलं की कुणी विचारणार नाही ना, माहीत होतं का म्हणून.

२८ नोव्हें., शुक्रवार
सकाळी साडेअकरा. ऑफिसात. ह.ची खोली पलीकडेच, दार उघडं, त्याचं फोनवरचं हसणं इथपर्यंत येतंय.
१. स्टॅटिस्टिक्स. डेटा साफ करणं. सगळं श्री. बांडांच्या उत्तरांवर.
२. श्री. बांडांची. मेल जोडल्या आहेत, सगळ्या.
३. इथे वीस मिनिटं गेली. 'परिस्थिती गुंतागुंतीची होती' लिहिलं, खोडलं. 'मी त्या वेळी मुद्दा उपस्थित केला होता' लिहिलं. हे खरं आहे, तरी खोडलं.
हो. माहीत होतं.
अकरा सत्तावन्नला पाठवलं.
बारा दहा. नाकातोची पोच : "मिळालं. संपादक मंडळातल्या तुमच्या जागेबद्दलही मंगळवारी ठरवावं लागेल." बरोबर आहे. तिच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं, आणखी दोन ओळी कडक. तरी जिव्हारी लागलं.
बारा वीस. ह.चं हसणं थांबलंय. त्यालाही नाकातोचं पत्र आलं असावं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इकडेच येतोय.