पाव्याच्या तोंडातलं बूच

प्रिय ठोक्या,

तुझ्या थोरल्या ताईचा तुझ्या डोक्यावर हात, मग त्यावर केस उरले असोत नाहीतर नसोत. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? जेवण वेळेवर होतं का? (उत्तरात नुसतं "ठीक" लिहू नकोस. ठीक म्हणजे नेमकं काय ते मला अजून कळलेलं नाही.) इकडे सगळे मजेत. माझे आणखी दोन दात गेले, पण उरलेत ते कामसू आहेत. मुलगा कामावर जातो-येतो, सून दिवसभर पडदे शिवते, आणि मी दोघांना सल्ले देते, जे दोघंही घेत नाहीत.

आता महत्त्वाचं आधी लिहून टाकते, म्हणजे वाचता वाचता तुला डुलकी लागली तरी हरकत नाही. रविवारी तो भंगारवाला आला की त्याला प्यायला पाणी द्यायचं, चार शब्द गोड बोलायचे आणि हात हलवत परत पाठवायचं. ऐरण द्यायची नाही, कात्र्या द्यायच्या नाहीत, आणि लाकडी हातोड्यांकडे तर त्याला बघूही द्यायचं नाही. तुझा पावा वाजतो. मी मागच्या कार्डात "वाजत नाही" असं लिहिलं, त्यात तुझ्या हाताचा काहीही दोष नव्हता. दोष कोणाचा ते सांगते, पण क्रमानं सांगते. एकदम सांगितलं तर तू लगेच चिडशील, क्रमानं सांगितलं तर निदान दोन पानं तरी शांत राहशील.

कालपासून तुला सतरा वेळा फोन केला. पण तू तो फोन धूळ लागू नये म्हणून स्वतः केलेल्या पत्र्याच्या डबीत ठेवतोस, आणि तुझ्या डबीचं झाकण असं घट्ट बसतं की आत धूळही जात नाही आणि बाहेर आवाजही येत नाही. (हात गेला म्हणतोस, मग हे झाकण कोणी बसवलं?) म्हणून हे पत्र सुनेच्या भावाबरोबर पाठवते आहे. तो तुमच्या गावाकडची चारची बस चालवतो. आत्ता स्वयंपाकघरात बसलाय, दुसरा चहा चालू आहे, आणि दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून "झालं का हो मावशी?" विचारतो. होईल. पत्र म्हणजे काय बसचं तिकीट आहे, टर्रकन फाडून द्यायला?

तर पार्सल आलं मागच्या मंगळवारी. पहिला अनुभव असा की मला ती वस्तू काय आहे तेच कळलं नाही. माझी तरी काय चूक? पन्नास वर्षांत तू मला पाठवलंस काय काय? नरसाळं, किसणी, गाळणी, तेलाची बुधली, आणि एकदा उंदराचा पिंजरा (त्यात उंदीर कधीच सापडला नाही, माझा अंगठा दोनदा सापडला). त्यामुळे हातात हे लांबडं नळकांडं आलं, वर सहा भोकं, तेव्हा मी म्हटलं, ठोक्यानं काहीतरी नवी गाळणी काढलेली दिसते. सून म्हणाली, केकवर फुलं काढायची नळी असेल. मी दोन भोकांना डोळा लावूनही पाहिलं. मग तळाशी तुझी चिठ्ठी सापडली.

ती चिठ्ठी मी तीनदा वाचली. तू लिहिलं होतंस, "आठ महिन्यांनी हत्याराला हात लावलाय, हात थरथरतोच, पण बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून हा पावा केलाय. मी वाजवला तर वाजतो, पण माझ्या वाजवण्यावर माझा विश्वास नाही, आणि इथली माणसं म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून सगळ्यालाच छान म्हणतात. ताई, तू खोटं बोलत नाहीस. तू वाजव आणि सांग. वाजला तर दुकान उघडतो, नाही वाजला तर सगळं विकून खुर्चीत बसतो." वाचून मला पदर डोळ्यांना लावावा लागला. (सुनेनं विचारलं तर म्हटलं, भोकातून बघताना कचरा गेला.)

मग मी चष्मा लावून पावा नीट पाहिला. आतल्या अंगाला अजून बिस्किटांच्या डब्याची पिवळी फुलं दिसतात, ती मला फार आवडली. सांध्यावरून बोट फिरवलं. सांधा मधे जरा नागमोडी गेलाय, खोटं कशाला सांगू, पण कथलाचा डाक पक्का आहे, कुठं दाणा नाही की चीर नाही. आणि मग माझं लक्ष तोंडाकडे गेलं. तोंडात लाकडाचं बूच.

ठोक्या, आता शांतपणे वाच. आपले बाबा कुठलीही तोटीची वस्तू बाहेरगावी पाठवायची म्हटलं की तोटीत लाकडाचं बूच ठोकायचे, वाटेत ती चेपू नये म्हणून. ती बुचं तासायचं काम कोणाकडे होतं? माझ्याकडे. तू तेव्हा ऐरणीखाली बसून खिळे चाखायचास. शाळा सुटली माझी, पण बुचं सुटली नाहीत. हजारो तासली असतील. त्यामुळे तोंडात बूच दिसलं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, बघा, पोरगा सत्तरीला आला तरी बाबांची पद्धत विसरला नाही. शिवाय ते बूच एका बाजूनं चपटं होतं. मी मनात म्हटलं, अरेरे, हात थरथरला बिचाऱ्याचा, नीट गोलही तासता आलं नाही. आणि मी ते काढलं.

सहज निघालं असतं तर तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण तुझं काम कसलं पक्कं! आधी दातांनी ओढलं (वर लिहिलेल्या दोन दातांपैकी एक तिथं गेला). मग गरम पाण्यात बुडवलं. मग मुलाच्या पेटीतली पक्कड आणली, पावा फडक्यात गुंडाळून गुडघ्यात धरला, आणि सुनेला म्हटलं, मला मागून धर. तिनं धरलं, मी ओढलं, बूच निघालं, आणि आम्ही दोघी शिवलेल्या पडद्यांच्या ढिगात जाऊन पडलो. उठून मी विजयानं पावा तोंडाला लावला आणि फुंकला. फुस्स.

परत फुंकला. फुस्स. उलटीकडून फुंकला. आडवा धरून फुंकला. एकेका भोकातून फुंकला. सुनेनं फुंकला, मुलानं कामावरून आल्यावर फुंकला. सुनेचा भाऊ आला होता, बस चालवणाऱ्याची छाती म्हणून त्याच्याकडे दिला, तर त्यानं असा फुंकला की समोर बसलेल्या मुलाच्या चष्म्यावर वाफ धरली, पण आवाज नाही. सून म्हणाली, "आई, लिहा ना थोडं गोड. वाजतो म्हणा. म्हातारा माणूस आहे." मी म्हटलं, त्यानं मला विचारलंय ते गोड ऐकायला नाही. आणि कार्ड टाकलं: "पावा पोचला. दिसायला सुरेख. वाजत नाही. बाकी सगळे मजेत." कार्ड पेटीत पडल्याचा टप असा आवाज झाला.

काल सकाळी तुझं उत्तर आलं. "ताई, खरं सांगितलंस, बरं केलंस. वाटेत सांधा सुटला असणार, म्हणजे हात गेलाच. रविवारी भंगारवाला येतोय." बस, एवढंच. तब्येतीची चौकशीसुद्धा नाही. मी तशीच पावा घेऊन खाली मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, चाळीस वर्षं बँड वाजवून निवृत्त झालेले, मिश्या अजून बँडातच आहेत. म्हटलं, मास्तर, माझ्या भावाचा संसार या नळीवर टांगलाय, सांधा कुठं सुटलाय तेवढं शोधून द्या. त्यांनी पावा उजेडात धरला, दातांचा डॉक्टर बघतो तसं तोंडात पाहिलं, आणि विचारलं, "वहिनी, याचं बूच कुठंय?"

मी अभिमानानं म्हटलं, ते मी काढलं.

मास्तर खाली बसले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की ते बूच म्हणजे पाव्याचा गळा. त्याची ती चपटी बाजू मुद्दाम तशी करायची असते, वरून वाऱ्याला बारीक वाट ठेवायला. त्या फटीतून वारा जातो, पुढच्या धारेवर आपटतो, म्हणून सूर निघतो. म्हणजे तुझ्या सगळ्या कामात जी जागा सगळ्यात कौशल्याची, तीच मला थरथरीची वाटली, आणि तीच मी पकडीनं उपटली. आता चीड. मी थांबते.

झालं चिडून? तर मग बूच शोधायला लागलो. मी काही टाकून देत नाही हे तुला माहीत आहे, सुनेलाही माहीत आहे (ती ते वेगळ्या शब्दांत सांगते). पण ठेवलं कुठं ते आठवेना. डबे उपसले, उशा झटकल्या, पडद्यांच्या शिवणी चाचपल्या. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात सून मशीनवर बसली आणि म्हणाली, निदान या आठवड्यात मशीन डुगडुगत नाही तेवढं तरी बरं चाललंय. मी पटकन खाली वाकले. मशीनच्या मागच्या पायाखाली, ऐटीत, तुझं बूच! मीच घातलं होतं, चपट्या बाजूमुळे काय फिट्ट बसलं होतं. सून म्हणाली, "आई, पडदे उद्या द्यायचेत, ते काढू नका." मी म्हटलं, तुझे पडदे थोडे वाकडे शिवले गेले तर गिऱ्हाईक ओरडेल, माझ्या भावाची ऐरण गेली तर कोणी ओरडणारसुद्धा नाही. तिनं मुकाट्यानं मशीन उचलून धरलं. गुणाची आहे, तुला म्हणून सांगते, तिला सांगू नकोस.

खाली नेल्यावर मास्तरांनी बूच पॉलिश कागदावर दोनदा घासलं, तोंडात सरकवलं, अंगठ्यानं दाबलं आणि पावा माझ्याकडे दिला. म्हणाले, पहिला मान तुमचा. मी पदरानं ओठ पुसले. हळूच फुंकला. आणि ठोक्या, वाजला रे! काय वाजला! चहाच्या किटलीला कोणी लहानपणापासून चांगलं वळण लावलं तर ती जशी बोलेल, तसा. बारीक, स्वच्छ, जरा लाजरा. वरून मशीनचा आवाज थांबला. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकी उघडून किटली उतरवायला सांगितलं. मी एका दमात सहाही भोकं वाजवून पाहिली, मग मास्तरांनी घेऊन त्यावर असं काही वाजवलं की जिन्यातून जाणारा पोस्टमन पिशवी टेकवून उभा राहिला.

आता तू मागितलंस ते खरं मत. सांधा नागमोडी आहे, पण वाऱ्याला तो दिसत नाही. खालून तिसरं भोक जरा मोठं झालंय, त्याचा सूर चढा निघतो. (मास्तरांनी ते आधी बोलायचं टाळलं, पण मी त्यांच्या मिशीवरून ओळखलं आणि वदवून घेतलं.) पुढच्या वेळी ते भोक बारीक पाड, मग कानसीनं बेतानं वाढव. बाकी पावा चांगला आहे. चांगला म्हणजे चांगला, म्हाताऱ्या माणसासाठी चांगला असं नाही.

सुनेचा भाऊ आता चपला घालून उभा आहे. थांबते.

तुझी,
ताई

ता.क. मास्तर वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा निवृत्त माणसांना पावा शिकवणार आहेत. त्यांना असे सहा पावे हवेत. मी हो सांगून टाकलंय. तुला विचारायला वेळ नव्हता, तुझा फोन डबीत होता.

ता.क. दुसरा. हा पावा परत मागू नकोस. ते तिसरं भोकही दुरुस्त करू नकोस. मला त्याच्यावाचून वाजवता येत नाही, आता सवय झाली.

ता.क. तिसरा. पत्र देणाऱ्याला मी सांगितलंय की तू हो म्हणेपर्यंत ऐरणीवर बसून राहायचं. त्याचं वजन पंच्याण्णव किलो आहे आणि परतीची बस सोमवारी आहे. जेवायला घाल.

ता.क. शेवटचा. खरं तर कार्ड टाकतानाच लिहायचं होतं, पण तेव्हा बरं दिसलं नसतं. माझ्या दुधाच्या पातेल्याला झाकण नाही. सध्या वर ताटली ठेवते, ती दर उकळीला उडी मारते. पातेल्याच्या कडेभोवती दोरी फिरवून गाठ मारली आहे, ती याच पाकिटात आहे. गाठीपासून फिरून परत त्याच गाठीपर्यंत माप घे. मधे बोटभर मूठ लाव, माझ्या बोटाएवढी. झाकण थोडं वाकडं झालं तर होऊ दे. वाफेला बाहेर पडायला कुठून तरी जागा लागतेच.