छताचा जोड

३ फेब्रुवारी, मंगळवार

उजवा हात कानाच्या वर जाईना. सकाळी बायकोनं शर्ट चढवला. "दप्तर भरून देऊ का?" म्हणाली. हसायला हवं होतं. आलं नाही.

शॉकवेव्हचा पहिला दिवस. मला वाटलं विजेचे झटके देतात. तसं काही नाही. खांद्यावर गार, चिकट जेल फासतात आणि पिस्तुलासारखं एक यंत्र टेकवून टकटकटक ठोकत राहतात. थेरपिस्ट बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणतात. "स्नायू हाडाला बांधणारी दोरी असते काका, टेंडन. वर्षानुवर्षं हात वर धरून तुमची झिजलीय. ठोके बसले की शरीर दुरुस्तीला लागतं." मग म्हणाल्या, शून्य ते दहा, किती दुखतंय ते सांगत जा. त्यावर त्या जोर ठरवतात.

तीन, म्हटलं.

उताणं पडायचं असतं. म्हणजे समोर छत. हे छत मी आणि दादानं रंगवलंय, गेल्या वर्षी, क्लिनिक उघडायच्या आधी. बाईंना सांगितलं नाही. डोळे मिटून घेतले.

५ फेब्रुवारी

विशेष काही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

वहिनी आली होती. दादाचा रोलर घेऊन — "घरात ठेवून काय करू?" दांडीला त्यानं गुंडाळलेली चिंधी अजून तशीच आहे.

छत एका दमात मारावं लागतं. मध्ये थांबलं की तिथला रंग वाळतो, आणि पुढचा त्यावर चढला की पट्टा उमटतो. तो मग जात नाही. म्हणून आम्ही समोरासमोरच्या भिंतींपासून सुरू करायचो. तो डावखुरा, मी उजवा. रंग ओला असतानाच मधोमध भेटायचं. शेवटचा जोड मात्र त्याचाच. "सरक," म्हणायचा, आणि मी सरकायचो. मोठा भाऊ ना!

पावसाळ्यात एका सकाळी कामाला हाक मारायला गेलो तर तो उठलाच नाही. तेव्हापासून दोन्ही बाजू मीच मारतोय, अक्षरशः धावत. खांदा त्यातच गेला.

वहिनी रडली. मी चहा ओतला. ती गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही एकदा तरी रडा हो." रडायला माझी ना नाही. पण नळालाच पाणी नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तीन. बाईंनी जोर वाढवला. "आता?" तीन. आणखी वाढवला. "आता?" तीन. शेजारच्या घरात कुणी खिळा ठोकतंय आणि आपण ऐकतोय, असं वाटत होतं. "कमाल आहे तुमची काका," म्हणाल्या. डोळे मिटलेलेच ठेवले.

११ फेब्रुवारी

खांदा काळानिळा. बायकोनं पाहिला आणि डोक्याला हात लावला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी खांदा बघितला, यंत्र बाजूला ठेवलं, आणि स्टूल ओढून समोर बसल्या. चिडल्या होत्या. जास्त करून स्वतःवर.

"यंत्राला दुखणं कळत नाही काका. मलाही दिसत नाही. सगळं तुमच्या आकड्यावर चालतं. तुम्ही तीन म्हणत गेलात, मी वाढवत गेले. नेमकं कुठं दुखतंय ते तुम्हीच नाही सांगितलं तर मी ठोकू कुठं? असंच चाललं तर हात वर जाणार नाही, सांगून ठेवते."

शिडीवर असताना दुखतंय म्हणायचं नाही, ही आमची सवय — म्हटलं.

"आमची म्हणजे कुणाची?"

शर्टाची बटणं लावत बसलो. डाव्या हातानं वेळ लागतो. खोटं बोललो नव्हतो मी. शोधलं होतं आत, तीनच सापडले होते. दोन आठवडे ठोके बंद.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. मोठ्या हॉलचं छत आहे, पुढच्या महिन्यात. "दोघंही येणार ना?" हो, म्हटलं. तोंडातून निघून गेलं. फोन ठेवल्यावरही दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

२६ फेब्रुवारी

हात कानापर्यंत. वर नाही. दादाचा रोलर माळ्यावर टाक म्हटलं, तर बायको म्हणाली, "तुमचं तुम्ही टाका." हात वर जात नाही हे तिला माहीत आहे.

३ मार्च, मंगळवार

आज बाई म्हणाल्या, डोळे मिटू नका, जागे राहा. मग छत बघत पडलो. माझ्या भिंतीपासून निघालो, जोड शोधत. सरकत सरकत पार दादाच्या भिंतीला पोचलो. जोड कुठंच दिसेना. त्यानं "सरक" कुठं म्हटलं होतं, तेही सापडेना. पुन्हा उलटा आलो. नाहीच.

मग दुखायला लागलं. फार. "दहा," म्हटलं. "बाई, दहा."

"काका... मी अजून यंत्र लावलंच नाहीये."