रंग दिवसाउजेडी पाहावा

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (या नमस्कारात अंगं आठच मोजतात. पत्र नवव्याबद्दल आहे, म्हणून पाकिटावर दुकानाचा शिक्का मारून ‘रंगकामाचं अंदाजपत्रक’ असं लिहिलं आहे. मामींसमोर फोडायला हरकत नाही, मोठ्याने वाचायला आहे.) तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब दोघंही आपापल्या जागी असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे मी सोडून.

परवा तुम्ही फोनवर कुजबुजत सांगितलंत की, तुमच्या ‘एका मित्राला’ नको त्या जागी पांढरा चट्टा उठला आहे, कातडी आवळल्यासारखी झाली आहे, त्याला जेवण जात नाही, आणि मी मागे ज्या ट्यूबची तोंड फाटेस्तोवर स्तुती केली होती तिचं नाव काय. तेवढ्यात मामी आल्या असाव्यात, कारण तुम्ही एकदम ‘हो हो, टोमॅटो फारच महागलेत’ असं ओरडून फोन ठेवलात. मामा, तेव्हा ट्यूबची कहाणी मुळापासून सांगतो. सांगण्यासारखी नाही, पण तुमच्या मित्रापायी मी लाज गुंडाळून ठेवली आहे.

आमच्या न्हाणीघरातला पिवळा दिवा गेला आणि बायकोने पांढराशुभ्र आणून लावला, तिथून माझी साडेसाती सुरू झाली. इतकी वर्षं जे मिणमिणत्या उजेडात सुखाने नांदत होतं, ते त्या दिव्याखाली बाकीच्या माझ्यापेक्षा चांगलंच काळपट दिसलं. जांघेत तर तपकिरी पट्टाच होता, आणि त्याला खाजही होती. (खाज आधीपासून होती, पण खाजेला कोण विचारतो?) मोबाइलवर शोधलं, तर पहिल्याच पानावर माझा निकाल लागला. आता आमचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक भिंतीचा टवका आणतं, पडद्याचा तुकडा आणतं, आणि मी शेडकार्डाशी ताडून हुबेहूब तोच रंग मशीनवर काढून देतो. आणि आमचा पहिला नियम असा, की रंग दिव्याखाली नाही, दिवसाउजेडी पाहावा. म्हणून रविवारी सकाळी कडी लावून, स्टुलावर चढून, झरोक्यापाशी एका हातात शेडकार्ड आणि दुसऱ्या हातात... असो. शेड जुळली. ‘जुनं सागवान’. मी कार्डावर तिथे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. रंग पसरतो आहे की कमी होतो आहे हे कळायला नको का? माणसाने कसं शास्त्रशुद्ध वागावं!

मग औषधाच्या दुकानात गेलो. मी हळूच सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने तितक्याच मोठ्याने विचारलं, ‘लावायचं कुठे आहे?’ रांगेतल्या सगळ्यांना ते जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, कोपराला. त्याने एक ट्यूब हातात कोंबली आणि ‘कशालाही चालते’ म्हणाला. खाज दोन दिवसांत पळाली. (याच दोन दिवसांत मी तुमच्याकडे तिची स्तुती केली, हे ध्यानात घ्या.) मी जोमाने लावत राहिलो. पुढे कातडी पातळ पडली, चुरचुरायला लागली आणि मधेमधे फिकी गुलाबी झाली. मी पुन्हा स्टुलावर. नवी शेड ‘पहिली पहाट’. पुन्हा खूण. (ही नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.)

आणि इथे माझं नशीब फुटलं. बायकोला ते शेडकार्ड कपाटात टॉवेलखाली सापडलं. हॉल रंगवून घ्या म्हणून ती कधीची माझ्या मागे लागली होती, आणि मी आज-उद्या करत होतो. खुणा बघून तिला वाटलं, बघा, वरून बोलत नाहीत, पण गुपचूप रंग निवडून ठेवलेत! तिचे डोळे भरून आले म्हणे. मी माल आणायला परगावी गेलो तेवढ्यात तिने आमच्याच दुकानातून डबे नेले आणि रंगारी लावून काम उरकलं. मी बॅग घेऊन दारात उभा राहिलो तो समोरच्या भिंतीला ‘जुनं सागवान’ आणि उरलेल्या तिन्हींना ‘पहिली पहाट’. मामा, हॉलमध्ये चारही बाजूंनी मीच होतो. मेहुणी भिंतीवरून हात फिरवून म्हणाली, किती उबदार रंग आहे, तुम्हाला सुचला तरी कसा? मी पाणी प्यायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

शेवटी बायकोला खरं सांगावं लागलं. ती हसून हसून रंगाऱ्याच्या घोडीवर बसली. मग डोळे पुसले आणि अशी काही चिडली की बोलायची सोय नाही. भिंतीला तडा गेला तर चार माणसांना दाखवता, आणि स्वतःला झाकून ठेवता? दुसऱ्याच दिवशी तिने मला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं. बाई वयाने माझ्या अर्ध्या असतील. मला वाटलं होतं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल. धरणीने काही केलं नाही. बाईंनी जेवढा वेळ मी गिऱ्हाइकाचा टवका बघतो तेवढाच वेळ बघितलं आणि हात धुतले. म्हणाल्या, तिथली कातडी वयात आल्यापासून बाकीच्या अंगापेक्षा गडदच असते. घासण्याने, घामाने, वयाने आणखी गडद होते. तो रोग नाही, मळ नाही आणि कुठल्या पापाचं फळ तर मुळीच नाही. जांघेतला पट्टा हा साधा नायटा होता. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्याने खाज दबली, नायटा आत फोफावला आणि कातडीचा रंग उडाला. मग त्यांनी विचारलं, ओल आलेल्या भिंतीवर तुम्ही थेट रंग मारता का? मी म्हटलं, छे! (मारतो. गिऱ्हाईक घाईत असलं तर.)

आता तुमच्या मित्राचं. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पांढरा चट्टा टिकून असेल, कातडी आवळत असेल, जखम भरत नसेल किंवा काळा डाग वाढत असेल, तर तो बघावाच लागतो. बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतं, पण न बघता सांगणार कसं? अंगावर काढलं तर मात्र साधं दुखणंही अवघड होऊन बसतं. मामा, मला तरंगायला तुम्ही शिकवलंत. ‘घाबरतोस काय, मी आहे ना’ म्हणत पोटाखाली हात धरलात. त्या मित्राला माझं एवढंच सांगा की, मी आहे ना.

तुमचा
भाचा

ता. क. ट्यूबचं नाव कळवणार नाही. शिव्या द्या, पण नाही.

ता. क. गुरुवारी सकाळी पहिला नंबर लावून ठेवला आहे. मित्राचं नाव माहीत नव्हतं, म्हणून तुमचंच दिलं. वयही तुमचंच दिलं, मित्र म्हणजे बरोबरीचाच असणार.

ता. क. पाकिटाचा उपयोग झाला नसावा. मामींना मित्राचं सगळं आधीच कळलं आहे. टोमॅटो त्या दिवशी स्वस्त होते. गुरुवारी त्याही तुमच्याबरोबर येणार आहेत. शिवाय त्यांना तुमच्या हॉलला आमच्याच हॉलचे रंग हवे आहेत, तसा निरोप दुकानात आला आहे. कोणत्या खुणांवरून ते निवडले, हे त्यांना ठाऊक नाही. दवाखान्यात आलात तर मी काहीतरी सबब सांगून डबे बदलून देईन. नाही आलात, तर पुढची सगळी वर्षं चारही बाजूंनी माझ्याकडे बघत जेवायला बसा.