पिकला की बघू

६ एप्रिल
ओपीडी तुडुंब. सिन्नरहून आलेले एक काका सगळं तपासून झाल्यावर मला म्हणतात, "सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येणार?" म्हटलं, आल्या, तुमच्यासमोर बसल्यात. तरी दाराकडे बघत राहिले. एम.एस. होऊन, स्वतःचं हॉस्पिटल काढूनही हे ऐकायचं.

संध्याकाळी मळ्यावर. सिंहस्थासाठी रस्ते खोदून ठेवलेत, पंचवटी ओलांडताना जीव मेटाकुटीला आला. नानांचा उजवा डोळा आता लांबूनही पांढरा दिसतो. म्हटलं, या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून टाकू. तर म्हणाले, "पिकला का पण?"
पोरगी डोळ्यांची सर्जन, आणि बाप विचारतो पिकला का.

१२ एप्रिल
हा 'पिकला' शब्द मला एक दिवस वेड लावणार. पूर्वीच्या ऑपरेशनला मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावं लागायचं, मान्य. ती पद्धत कधीच मोडीत निघाली. शब्द काही निघाला नाही.

आज आमची सुनीताच (आधी तपासणी तीच करते, मग पेशंट माझ्याकडे) एका मावशींना सांगत होती, "कच्चा हाय अजून, दिवाळीनंतर या." चांगलीच झापली. ती म्हणे, "मॅडम, लेन्स गढूळ झालीय म्हटलं की ते चष्मा पुसायला लागतात." खरं होतं, म्हणून जास्त चिडले.
नानांना मागे तिनेच 'कच्चा' सांगितलेलं. जन्मभर भाजीपाला आणि फुलं काढणारा माणूस. कच्चा म्हटल्यावर तो हात लावू देईल?

रात्री फोन केला. म्हटलं, नाना, लांबच्या मार्केटला जाणारे टोमॅटो तुम्ही कच्चेच तोडता ना?
"ते दुबईला जायचे असत्यात बाई. माझा डोळा हितंच ऱ्हाणार हाय."
हसू आलं, फोन ठेवल्यावर राग.

२ मे
पेठचं शिबिर. उकाडा, लाइट जातेय-येतेय. एक आजी सुनेचा हात धरून आल्या. दोन्ही डोळे पांढरेफटक. डावा होईल. उजव्यात टॉर्च मारला, बाजू बदलून मारला, काही नाही. उजेडसुद्धा कळत नाही. मोतीबिंदू इतका जुना झाला की आत प्रेशर वाढलं, मागची नस गेली. त्याला ऑपरेशन नाही.
सून विचारत होती, "मंग त्यो अजून पिकू द्यायचा का?"


११ मे
मळ्यावर पुन्हा तेच. मी पेठच्या आजींचं सगळं सांगितलं. नाना ऐकून घेतात, मान हलवतात, आणि मग, "आता उन्हाळ्याचं नको. घाम जातो, डोळा चिघळतो. दसऱ्याचा झेंडू निघाला की थंडीत करू." आई पण त्यांच्याच बाजूने. दरवर्षी ही थंडी येते आणि जाते.

वाद घातला. आवाज चढला माझा. ह्याच माणसाने मला झेंडूच्या गोण्यांमध्ये एम-एटी स्कूटरवर बसवून कॉलेजला सोडलं. मुली म्हणायच्या, तुझ्या एप्रनला हाराचा वास येतो. लाज वाटायची, आता नाही वाटत. मार्केटात कुणी डोळे चोळताना दिसला की नाना त्याला हाताला धरून सांगतात, "माझ्या पोरीकडं जा." अर्धं मार्केट माझ्याकडून ऑपरेशन करून गेलं. स्वतः तेवढे राहिले.

मला वाटतं, घाबरतात. म्हणत नाहीत. मी पण विचारलं नाही.

३ जून
सकाळी आईचा फोन. नानांना उलट्या, डोकं फुटतंय, पित्त झालंय, गोळी सांग. विचारलं, डोळा कसा आहे? म्हणाली, "लाल हाय. परवापासनं. तुला सांगू नको म्हणले."
परवापासून!

गाडीतून घेऊन आले. जे व्हायला नको तेच, पेठच्या आजींसारखं. प्रेशर बेसुमार. सलाइन, थेंब, सगळं चालू केलं. मग टॉर्च. नस किती शाबूत आहे ते आत्ता एवढ्यावरूनच कळणार. दुसरा डोळा झाकला. उजेड कुठून येतोय, नाना?
"वरनं." बरोबर. "खालनं." बरोबर. कानाकडून, बरोबर. नाकाकडून, तेही बरोबर. हायसं वाटलं.
मग लक्षात आलं, हात जाईल तिकडे माझ्या बांगड्या वाजतायत. काढून ठेवल्या. पुन्हा केलं, न बोलता. वरचं, खालचं, कानाकडचं सांगितलं. नाकाकडून टॉर्च धरला तर गप्प. टॉर्च बंद केला, तर म्हणाले, "आता नाकाकडनं."

बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांच्यावर चिडू की स्वतःवर, कळेना.

४ जून
प्रेशर उतरलं. माझ्या सरांना बोलावलं. सर म्हणाले, "आज तुझा हात नको." मलाही तेच हवं होतं. नानांना रीतसर सांगितलं, सर करणार आहेत, मी शेजारी उभी असेन. "बरं," म्हणाले. संमतीच्या फॉर्मवर अंगठा नाही, सही केली, वळणदार, माझ्या प्रगतिपुस्तकावर करायचे तशी.

टेबलावर तोंडावर कापड आल्यावर कापडाखालून आवाज, "बाई, तूच करती ना?"
सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी इथेच आहे, नाना."
"हां. मग चालंल."
सरांनी मान खाली घातली आणि सुरू केलं. लेन्स नीट बसली. सर म्हणाले, आपलं काम झालं, बाकी नसेवर.

५ जून
सकाळी पट्टी सोडायला गेले. आई दारात उभी, आत येईना. चिकटपट्टीचं एक टोक नुसतं उचललं होतं, तर नाना म्हणतात, "लय झ्याक दिसतंय बाई. लख्ख." डोळ्यावर कापूस तसाच.
म्हटलं, नाना, अजून उघडला नाही मी.
"मग उघड."

उघडला. बुबुळावर सूज, ढगाळ. आज नक्की काही सांगता येत नाही, हे मी रोज दहा जणांना सांगते. डावा डोळा झाकला. बांगड्या काढूनच गेले होते. हात समोर धरला, किती बोटं?
नानांनी या वेळी अंदाजाने आकडा ठोकला नाही.
"जरा पुढं ये," म्हणाले.
गेले.
"अजून."