झाडांचा न्हावी आणि माझं ऊन

धाकटे, माझ्या लेकाला चाळिशीची भेट द्यायला तुला जगात दुसरं काही मिळालं नाही? शर्ट द्यायचास, घड्याळ द्यायचंस, काहीच दिलं नसतंस तरी चाललं असतं, तुझा हात काही सढळ म्हणून गाजलेला नाही. पण तू दिलंस ते ताटलीत उभं असलेलं वीतभर झाड, आणि त्यापायी माझी उन्हातली खुर्ची गेली. हे आधी लिहिलं, कारण ख्यालीखुशालीत राग निवतो आणि मला तो निवू द्यायचा नाहीये.

आता आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला, की अजून घर डोक्यावर घेतो? माझे गुडघे सोडले तर बाकी मी ठीक आहे. (अक्षर लागत नसेल तर चष्मा पूस. माझी शाळा दुसरीत सुटली, तुझी चौथीत, म्हणून लगेच मास्तरीण होऊ नकोस.)

तर खुर्ची. आमच्या गॅलरीत सकाळचं ऊन एकाच कोपऱ्यात येतं आणि तिथे मी गुडघे शेकत बसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. झाड आलं त्याच दिवशी लेकाने माझी खुर्ची दाराआड सरकवली आणि त्या जागी स्टूल मांडून वर झाड बसवलं. म्हणाला, आई, त्याला ऊन लागतं. म्हटलं, मग मला काय चांदणं लागतं? तर नुसता हसला. पुढे लाड सुरू झाले. तुषार मारायचे, चिमट्याने पिवळी पानं वेचायची, फांद्यांना तार गुंडाळून वळण लावायचं. (वळण लावायची एवढी हौस आहे तर घरात तुझी पोरगी आहे, म्हटलं, तिला लाव.) आई जेवली का हे न विचारणारा माणूस ऑफिसातून आला की बूटसुद्धा न काढता झाडाच्या मातीत बोट घालून ओल बघतो!

मी भांडत बसले नाही. भांडायला समोर कोणी असावं लागतं, आणि दिवसभर घरात मी आणि ते झाड. लेक-सून कामावर आणि नात शाळेत गेली की मी स्टूल सावलीत ढकलायचे, खुर्ची उन्हात ओढायचे, आणि ते यायच्या आत सगळं जिथल्या तिथे. बरं चाललं होतं. पण एक दिवस खुर्चीचा हात फांदीत अडकला आणि ती काडकन मोडली. मोडली तीही शेंड्याची, लेकाची सगळ्यात लाडकी. आणि दुसऱ्या दिवशी ह्या विद्येतले उस्ताद घरी येणार होते. त्यांना पसंत पडलं तर झाड प्रदर्शनात मांडणार, म्हणून लेक आठवडाभर जमिनीवर नव्हता. घरात डिंक नाही. माझी गुडघ्याला चिकटवायची औषधी पट्टी तेवढी होती. अर्धी कापली, फांदी जागेवर बसवली, पट्टी गुंडाळली, वरून पानं ओढली. लेकाला काही कळलं नाही.

उस्ताद म्हणजे मला वाटलं कोणी भारदस्त असेल. आला तो बारकासा म्हातारा, काखेत कात्र्यांची गुंडाळी. मी मनात त्याचं नाव झाडांचा न्हावी ठेवलं. झाडासमोर फरशीवरच बसला. चहावर साय धरली, तरी नजर झाडावरच. मग नाक पुढे करून हुंगलं आणि लेकाला विचारलं, "झाडाचे गुडघे दुखतात का हो?"

लेकाने माझ्याकडे पाहिलं. मी सुनेकडे पाहिलं. (ती बिचारी बिस्किटं मांडत होती.) न्हाव्याने मात्र फरशीवरचे खुर्चीचे ओरखडे पाहिले, मग मला पाहिलं, आणि माझं नाव घेतलं नाही. माणूस बरा.

पट्टी सोडली तशी फांदी खाली पडली. लेक म्हणाला, संपलं, आता कसलं प्रदर्शन! न्हावी म्हणाला, "गप्प बसा." मग उरलेल्या खुंटाची साल सोलून आतलं लाकूड चिमट्याने एकेक तंतू ओढत खाली आणलं. वीज पडलेल्या झाडाचा शेंडा असतो ना, वर वाळून पांढरा आणि खाली झाड हिरवंगार, तसं दिसायला लागलं. म्हणाला, मोडलेलं लपवलं की झाड खेळणं दिसतं. धाकटे, खोटं कशाला लिहू, वीतभरच ते, पण मला वाटलं मी त्याच्या बुंध्याशी उभी आहे आणि मान वर करून बघतेय.

पण गप्प राहीन तर मी कसली! म्हटलं, आता ती खालची लोंबणारी पण काढा. म्हणाला, "तिला अजून दहा वर्षं द्या, आजी."

"माझ्याकडे कुठली दहा वर्षं?"

"तिच्याकडे आहेत ना."

एवढा आगाऊपणा माझ्या घरात माझ्याशी कोणी केलेला नाही. वर सांगतो, त्याच्याकडचं सगळ्यात जुनं झाड त्याच्या गुरूचं, आणि त्याच्यामागे ते एका शिष्येकडे जाणार. हा नुसता मधला पाणी घालणारा. जाताना लेकाला म्हणाला, त्या कोपऱ्यातली भिंत तापते, कुंडीत मुळं भाजतील, मागच्या खिडकीत ठेवा. कोपरा आजींनाच बरा, त्या कुंडीत नाहीत.

तर झाड प्रदर्शनात चाललंय, लेक खूश आहे, आणि माझी खुर्ची उन्हात आली. मी जिंकले. पुन्हा भेट म्हणून जिवंत वस्तू पाठवलीस तर बघ.

तुझी थोरली

ता. क. तुझ्या न्हाणीघराच्या भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप आहे ना, कित्येक वर्षांत वीतभरच राहिलेलं, जे तू येता-जाता उपटायला बघतेस? त्याला हात लावायचा नाही. न्हाव्याला विचारलं मी. म्हणाला, असं उपाशी वाढलेलं खोड विकत मिळत नाही. गवंडी बोलाव आणि मुळांच्या भोवतीने भिंत फोड. मूळ तुटता कामा नये. भिंत काय, पुन्हा बांधता येते, तोवर पडदा लाव.

ता. क. दुसरा. रोप इकडे आलं की माझ्या उन्हाच्या कोपऱ्यातच ठेवीन, भिंतीत वाढलंय, त्याला धगीची सवय आहे. खुर्ची मी आजच दाराआड नेली. गुडघ्यांचं काय, पट्टी आहे अर्धी. लेकाला कळवू नकोस, हसेल.

ता. क. तिसरा. उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने लिहायचं. तू नाही म्हणशील. मला नाही म्हणायची त्याची अजून छाती झालेली नाही.