कोण बोललं, तो कॉलम

७ ऑक्टोबर २०१२, रविवार

मेल आला. आपली ती चॅटची साइट ३० नोव्हेंबरला कायमची बंद. जुनं बोलणं ज्यांना हवं असेल त्यांनी उतरवून घ्यावं, अशी इंग्रजीत दिलगिरी. फुकट दिलेली वस्तू परत नेताना इतकी दिलगिरी मी बाजारात कधी पाहिली नाही.

पाठोपाठ कॅनडातून, एडमंटनहून मृदुलाचा फोन. तिनं तिचं खातं उन्हाळ्यातच बंद केलं. का, विचारलं. म्हणाली, तिथं आता बोलायला कोणी नव्हतं, बाबा. मग म्हणाली, आईचं माझं सगळं बोलणं आता फक्त तुमच्या खात्यात आहे, तेवढं वाचवा. माझ्याकडे आईच्या हातचं काहीच लिहिलेलं नाही.

म्हटलं, चिंता करू नकोस. आईच्या वर्षश्राद्धाला येशील तेव्हा छापून, स्पायरल बाइंडिंग करून हातात देतो.

खातं माझ्या नावावर, कारण कॉम्प्युटर माझा. मी सकाळी नंदेसरीला कारखान्यात गेलो की सुनंदा त्यावर बसायची. एडमंटनला तेव्हा रात्र. अर्थात मधूनमधून मीही बोलायचो.

निश्चय: हे काम कोणाची मदत न घेता करायचं.

९ ऑक्टोबर

ऑफिसात आमच्या अकाउंट्सच्या श्रद्धाबेनना सहज विचारलं, एक्सेलमध्ये गप्पा भरता येतात का. म्हणाल्या, भाई, एक्सेलमां तो आखो संसार भराय, पण कोनी गप्पा, कोणाच्या? सांगितलं. म्हणाल्या, लावो, हुं करी आपुं, मी करून देते. नको म्हटलं. घरचं बोलणं घरच्यांनीच बघावं.

शिवाय मी काही अडाणी नाही. साताऱ्याकडून आलो तेव्हा खिशात फक्त फिटरचं सर्टिफिकेट होतं. रिफायनरीत पाने फिरवले, मग स्वतःचं गॅस्केट-फिटिंगचं काम काढलं. सुनंदाचं माहेर संस्थानातल्या कारभाऱ्यांचं. तिचे काका मला लग्नानंतरही बराच काळ ‘ते फिटर’ म्हणायचे. त्याच फिटरनं त्यांच्या पुतणीला बडोद्यातल्या पहिल्या काहींपैकी एक कॉम्प्युटर आणून दिला. तो उघडून काय बघायचं ते मात्र तिनं मला शिकवलं. ही गोष्ट इथं लिहायची गरज नव्हती.

१४ ऑक्टोबर, रविवार

कामाला सुरुवात. साइटवरचं एकेक पान कॉपी करायचं, एक्सेलमध्ये टाकायचं. तीन कॉलम पडतात. तारीख, नाव, मजकूर. मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी, त्यात गुजराती मिसळलेली. ‘जेवलीस का’, ‘केम छे मारी पोरी’, निरोप घेताना ‘चल, आवजे’.

वाचत बसायचं नाही असं ठरवलंय. आधी काम, मग भावना.

डोळ्यांतून पाणी येतंय. नंदेसरीची हवा. केमिकलवाल्यांनी वाट लावली आहे. रविवारीसुद्धा वाऱ्यानं येते.

२० ऑक्टोबर

नवरात्र. समोरच्या सोसायटीत गरबा. सुनंदा असती तर मला ओढून नेलं असतं, आणि मी बाकावर बसून साउंड सिस्टिमचा कुठला स्पीकर फाटलाय ते सांगितलं असतं. माझा कान तयार आहे. कारखान्याच्या गेटमधून आत येताना कुठल्या पंपाचं बेअरिंग जातंय ते सांगतो.

कॉपीचं काम चालू. एक मोठी अडचण लक्षात आली. खातं माझ्या नावाचं, म्हणून सुनंदाच्या प्रत्येक वाक्यापुढेही माझंच नाव. ही सरळसरळ खोटी नोंद. मृदुलाला कसं कळणार आई कुठली आणि बाबा कुठले?

उपाय सापडला. चौथा कॉलम: ‘कोण’. मी बोललो तिथं ब, मृदुला तिथं म, सुनंदा तिथं स. ओळखायचं कानानं. ज्या माणसाला बेअरिंग कळतं त्याला बायको कळणार नाही?

२८ ऑक्टोबर, रविवार

‘कोण’ भरायला घेतला. सोपं आहे. भाजी, सण, शेजारी, कोणाचं लग्न मोडलं: स. सल्ला, धीर, आधार: ब. मला वाटलं होतं त्यापेक्षा मी बराच बोललोय. आणि चांगलं बोललोय. ‘नोकरी गेली तर जाऊ दे, तू गेली नाहीस ना कुठे.’ हे मी बोललो होतो हे विसरूनच गेलो होतो.

श्रद्धाबेनना अभिमानानं एक पान दाखवलं. वाचून म्हणाल्या, आ तमे लख्युं, भाई? म्हटलं, मग कोण. म्हणाल्या, सारुं लख्युं छे, छान लिहिलंय. मग जाताना दारातून म्हणाल्या, नावाचा जुना कॉलम उडवू नका हं, अने कंई पण सॉर्ट करतां पहेलां आखुं, सगळे कॉलम, सिलेक्ट करजो, नहीं तो खीचडी थई जशे. ही बाई मला रोज काहीतरी शिकवायला बघते.

४ नोव्हेंबर, रविवार

आज एक ओळ अडली. ‘बेटा, मी बाबा बोलतोय. थंडीत टोपी घाल. आज पुरणपोळी होती, तुझ्याशिवाय घशाखाली उतरली नाही.’ ब घातला. नंतर तारीख पाहिली. त्या आठवड्यात मी कोइम्बतूरला मशिनरीच्या प्रदर्शनात होतो. तिथं पुरणपोळी नव्हती.

विचार केला. फोनवर मी सुनंदाला सांगितलं असणार, तिला माझ्याकडून लिही म्हणून. साहेब पत्र सांगतो, टायपिस्ट टाइप करतो, म्हणून पत्र टायपिस्टचं होत नाही. ब कायम.

११ नोव्हेंबर, रविवार

‘मी बाबा बोलतोय’ बऱ्याच ठिकाणी निघालं. मी सावली गावाला कारखान्याच्या कामावर असताना. मी पादरा गावी लग्नाला गेलो असताना. एकदा तर मी शेजारच्या खोलीत झोपलो असताना, कारण खालीच तिनं लिहिलंय, ‘चल, बाबा उठतील आता, चहा टाकते.’

टायपिस्टनं थोडी पुढची पायरी गाठली होती इतकंच. ब कायम.

१३ नोव्हेंबर, दिवाळी

फराळ श्रद्धाबेनकडून आला. मृदुलाचा फोन. विचारत होती, बाबा, पुस्तक कुठवर आलं? म्हटलं, छापायला जाईल आता. म्हणाली, तुम्ही दोघं एकाच खात्यावरून बोलायचात, किती मजा यायची. म्हटलं, हो, यायची.

आज फाइल उघडली नाही. सणाला काम करू नये.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

साइट बंद होण्याआधी शेवटचं पान उतरवलं. माझं काम वेळेच्या आत. संध्याकाळी सहज उघडून पाहिली तर पांढरं पान, त्यावर पुन्हा दिलगिरी. सुनंदा गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूसही असंच काहीतरी म्हणाला होता. त्याचा सूर मात्र खरा होता. सूर मला कळतो.

नावाचा जुना कॉलम डिलीट केला. खोटी नोंद घरात ठेवायची नाही.

२ डिसेंबर, रविवार

छापण्याआधी शेवटचा हात. मृदुलाला आई हवी आहे. तर आईची सगळी वाक्यं एकत्र यावीत. त्यासाठी सॉर्ट. ‘कोण’ हा कॉलम सिलेक्ट केला, सॉर्ट दाबलं. एक्सेलनं विचारलं, शेजारचे कॉलमही बरोबर घेऊ का? म्हटलं, नको. आयुष्यभर एकच नियम पाळला. ज्या नटाचं काम आहे त्यालाच पाना लावायचा, शेजारचा हलवायचा नाही. म्हणून आजपर्यंत माझ्या हातून एकही लाइन गळली नाही.

पाहिलं. वर सगळे ब, मग सगळे म, खाली सगळे स. कवायतीला उभे राहिल्यासारखे. सेव्ह केलं. पेन ड्राइव्हवरही एक कॉपी केली. आता डबल सेफ.

मजकूर वाचला नाही. ते मृदुलाचं काम. आणि नंदेसरीची हवा.

१० डिसेंबर

छापून आलं. वजनदार झालंय. कव्हर निळं, सुनंदाच्या आवडीचं. बाइंडिंगवाला म्हणाला, काका, कारखान्याचं मॅन्युअल छे? हो म्हटलं.

२२ डिसेंबर, शनिवार

मृदुला आली. वाळली आहे. टोपी घालत नसणार. यंदा अधिक महिना आला म्हणून श्राद्ध उद्यावर गेलं, नाहीतर तिला रजा मिळाली नसती. सुनंदा तारखांच्या बाबतीत नेहमीच सोयीची होती.

चहानंतर पुस्तक हातात दिलं. ती झोपाळ्यावर बसून वाचायला लागली. मी पेपर धरून समोर. चेहरा दिसत नव्हता पण कान तिकडेच. पहिल्या पानावर हसली. म्हणाली, बाबा, ‘आई, इथं बर्फ पडलंय, मला घरी यायचंय’ हे तुम्ही लिहिलंत? पुढे ब आहे.

घाईघाईनं उठलो. पाहिलं. खरंच ब. त्याखालीही ब. ‘माझा ड्रेस शिवून आला का’, ब. सुरुवातीची सगळी वर्षं मीच बोलतोय, मीच उत्तर देतोय. मधली वर्षं मृदुला स्वतःशीच बोलतेय. शेवटी सगळी सुनंदा.

तिला समजायला वेळ लागला नाही. म्हणाली, तुम्ही एकच कॉलम सॉर्ट केलात. जुनी फाइल आहे? म्हटलं, पेन ड्राइव्हवर आहे. लावली. तीही कवायतीला उभी.

मी सांगितलं, एक्सेलमध्ये दोष आहे.

तिनं शेवटचं पान उघडलं. या मार्चमधलं. सुनंदा जाऊन तीन महिने झाले होते. ‘बाबा, आहात का?’ खाली, ‘बाबा, काहीतरी लिहा ना.’ दोन्हींपुढे स.

म्हणाली, हे मी लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही.

म्हटलं, साइट स्लो होती.

२३ डिसेंबर, रविवार

श्राद्ध झालं. गुरुजींनी विधी नीट केले. सूर थोडा वरचा होता.

दुपारी मृदुला म्हणाली, चला, आपण पेन्सिलीनं दुरुस्त करू. मी कानानं सांगायचं, तिनं आठवून. काही सुटलं. पण मग अडायला लागलं. ‘जेवलीस का’ हे आईनं लेकीला विचारलेलं, की लेकीनं आईला? ‘आज फार एकटं वाटतंय’ हे बडोद्यातून की एडमंटनमधून? ‘चल, आवजे’ तर दोघीही म्हणायच्या. मी डोळे मिटून ओळी मोठ्यानं वाचून पाहिल्या. सगळ्या माझ्याच आवाजात ऐकू आल्या. छापलेल्या अक्षराला बेअरिंग नसतं.

‘मी बाबा बोलतोय’वर आलो. मी पेन्सिल घेतली. तिनं हळूच काढून घेतली आणि पुढे स लिहिलं. म्हणाली, बाबा, मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्या नावानं लिहिताना तिला शेवटी राहवायचं नाही, कोथिंबीर महाग झाल्याचं लिहायचीच. आणि तुम्ही मला कधी बेटा म्हणालात?

आठवून पाहिलं. म्हणालो असेन, तू लहान असताना.

ती म्हणाली, असाल.

मग विचारलं, कळत होतं तर तिला म्हणाली का नाहीस? तर म्हणाली, तिला वाटायचं मला खरं वाटतंय. आणि मला छान वाटायचं. तेवढ्यासाठी कशाला मोडायचं.

डोळे चुरचुरत होते. वारा कारखान्याकडून नव्हता. पाहिलं मी.

४ जानेवारी २०१३

मृदुला गेली. स्टेशनवर सोडलं, पुढे अहमदाबादहून विमान. तसंच अर्धवट दुरुस्त केलेलं पुस्तक बरोबर नेलं. म्हटलं, चुकीचं आहे ते, ठेव इथं, मी नीट करून पाठवतो. म्हणाली, असू दे. एकमेकींत मिसळलंय तेच बरंय.

गाडी हलताना काहीतरी म्हणायचं होतं. प्लॅटफॉर्मवर अनाउन्समेंट चालू होती. तिचा लाउडस्पीकर फाटलेला होता.

१४ जानेवारी, उत्तरायण

कारखाना बंद. सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर. ‘काट्यो’ ऐकू येतंय.

फक्त माझं, असं नवीन मेल-खातं उघडलं. श्रद्धाबेनना न विचारता. मृदुलाला लिहायला बसलो. पहिल्यांदा लिहिलं, ‘बेटा, थंडीत टोपी घाल.’ वाचलं. हे तर सुनंदाचं. खोडलं. ‘तुझ्याशिवाय तिळगूळ घशाखाली उतरला नाही.’ तेही तिचंच. शिवाय उतरला होता. खोडलं.

मग जे उरलं ते पाठवलं: ‘पोचलीस का. इथं उत्तरायण. वारा चांगला आहे. सावलीचा माल काल गेला. बाबा.’

थोड्या वेळानं उत्तर आलं. ‘पोचले. हे मात्र तुमचंच आहे, बाबा. लगेच ओळखलं.’

एक्सेलची नवीन फाइल केली. तारीख, मजकूर, कोण. माझी ओळ टाकली, पुढे ब. तिची टाकली, पुढे म.

तिसरं अक्षर कुठं लिहायचं नव्हतं. सॉर्ट न करता सेव्ह केली.