महिला गटातली पाचवी

६ ऑक्टोबर २०२४

रद्द! गटच रद्द!

पहाटे उठून सायकल गाडीच्या टपावर बांधली, नवऱ्याला, नवनीतला, अंथरुणातून ओढून काढलं, धुळ्याजवळच्या टेकड्यांवर वेळेआधी पोचलो. हंगामातली पहिली डोंगरी सायकल शर्यत. आणि माइकवरचा माणूस काय म्हणतो – “महिला गटात दोनच नावं आलीत मॅडम. पाच जणी असल्याशिवाय गट होत नाही. पुरुषांबरोबर चालवा हवं तर, पण नंबर मिळणार नाही.”

चालवली. राग पायांत उतरला की चढ सोपा जातो! कितीतरी पुरुष मागे टाकले. उतारावर मात्र नेहमीचीच भीती – खाली उतरून, सायकल हाताने धरून, शेळीसारखी पाय टाकत आले. तेवढ्यात शेजारून दगड उडवत एक बाई गेली. दुसरं नाव तिचंच. आशा. धडगावकडे वनरक्षक आहे. नंबर घेतला तिचा – शर्यतीतला नाही, फोनचा!

ब्राह्मणपुरीला घरी आलो तर सासूबाई ओट्यावरच. “चिखलमा लोळीसन उनी का व? कितवा नंबर?” नंबरच नाही म्हटलं. “मंग गयी व्हती कसाले?”



७ ऑक्टोबर

मांड्या भरून आल्यात. कॉलेजात कठडा धरून जिना चढले. अकरावीची पोरं हसली. हसा!

२० ऑक्टोबर

आशाबरोबर पहिल्यांदा डोंगरात. शहाद्याहून पपईचे मळे संपेपर्यंत रस्ता सपाट, मग एकदम सातपुडा समोर उभा.

ती म्हणते, “मॅडम, तुम्ही दगडाकडे बघता म्हणून दगडावरच जाता. वाटेकडे बघा ना!” वाटेकडे बघितलं. तरी पडले. दुसऱ्यांदाही पडले. तिसऱ्यांदा – खाली!! सायकलीवर बसून खाली! ओरडले इतकी की वरच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली.

चढावर उलट. पहिल्याच वळणाला सगळा दम घालवते आशा. “हळू, गिअर हलका कर,” म्हटलं तर म्हणे, “मला हळू येतच नाही.” चढावर मी पुढे, उतारावर ती. वर पोचून मी तिची वाट बघते, खाली पोचून ती माझी. झाडाखाली बसून तिने मीठ घातलेलं आमचुराचं पाणी दिलं. तोंड वाकडं झालं माझं, मग आणखी मागितलं.

अडतीस वर्षांची झाले, नवी मैत्रीण मिळेल असं वाटलं नव्हतं.

१ डिसेंबर

नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीवर शर्यत. आम्ही चौघी होतो. चौघी! एकीसाठी गट रद्द.

वर माझी चेन तुटली. अर्धी शर्यत सायकल ढकलत संपवली. शेवटच्या रेषेवर आशा थांबली होती, माझी बाटली भरून.

परत येताना विसरवाडीला चहाला थांबलो. ट्रक धडाडत जात होते, कुणाला काही ऐकू येत नव्हतं म्हणून मी जरा रडून घेतलं. नवनीत बिचारा भजी पुढे सरकवत राहिला. आशा एकदम म्हणाली, “आपल्याच डोंगरात शर्यत घेऊ. मग बघू बायका कशा येत नाहीत!”

७ डिसेंबर

शहाद्याच्या सायकल ग्रुपचे जगदीशभाऊ तयार झाले! तोरणमाळच्या पायथ्याशी, फेब्रुवारीत. पण नियम तोच – “पाच जणी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या पाहिजेत ताई. मग महिला गट नक्की, माझा शब्द.”

१२ जानेवारी २०२५

आपटले. नाल्यातल्या गोट्यांवर, मनगटावरच. मोडलं नाही, सुजलंय. नवनीत घाबरून ओरडायलाच लागला – “बस झालं आता, विकून टाक ती सायकल!”

सासूबाई हळद-तेल चोळत होत्या. मान वर न करताच त्याला म्हणाल्या, “वावरमा पडती ते वावर सोडती का?”

या बाईंना माझं सायकल चालवणं आवडत नाही असं मी आजवर धरून चालले होते.

१३ जानेवारी

डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं. कुणाला वाचता आलं नाही. मलाही.

२२ फेब्रुवारी

पाच झाल्या! मी. आशा. आशाची नर्स मैत्रीण सुनंदा. नंदुरबारच्या जिममध्ये शिकवणारी रुपा. आणि धुळ्याची एक डॉक्टरीण. जगदीशभाऊंनी फलकावर रंगवून घेतलं – महिला गट. तीनदा जाऊन बघून आले.

२३ फेब्रुवारी

काय दिवस! कुठून सुरू करू?

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. ताप भरलाय, येत नाही. चारच उरलो! जगदीशभाऊंचा चेहरा पडला. “ताई, मी शब्द दिला होता, पण बाकीच्या गटांची माणसं ऐकून घेणार नाहीत…” आशा पाठ फिरवून दगडावर बसली.

आमच्या गल्लीतल्या बायका पिकअपमधून शर्यत बघायला आल्या होत्या. त्यांतून सासूबाई उठून आल्या.

“चारच शेतस ना? मन्हं नाव लिखी ले.”

मला वाटलं चेष्टा. “आई, तुम्हाला सायकल येते?”

“रनाळाले माहेरले व्हतू तवय भाऊनी सायकल मीच वावरमा लई जाऊ. तुम्ही कधी इचारं?”

खरंच. कधीच विचारलं नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली.

बघायला आलेल्या एका पोरीची शाळेची सायकल त्यांनी मागून घेतली. पुढे जाळीची टोपली, टिंग टिंग घंटी. नवनीत हात जोडतोय – आई, नको! जगदीशभाऊ म्हणाले, “काकू, ही काही माउंटन बाईक नाही.”

“मंग काय? डोंगर ते शे ना!”

सगळा पायथा हसला. पदर खोचून, कापूस वेचायला निघावं तशा त्या रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर नवनीतचं हेल्मेट. पाच! शिट्टी वाजली!

चढावर मी सगळ्यांच्या पुढे. माथ्यावर वळून बघितलं – आशा बरीच मागे, पण या वेळी दम राखून येत होती. ऐकलं शेवटी! मग उतार. ब्रेकवरचं बोट उचललं. वारा कानांत. शेवटच्या वळणावर ती शेजारी, खांद्याला खांदा, दोघी किंचाळतोय – आणि चाकभर पुढे गेली ती. आशा पहिली. मी दुसरी!

पण रेषेवर चिटपाखरू नाही! टाळ्या वाजवायला माणूस नाही. नाव लिहून घेणारी मुलगी तेवढी खुर्चीत. “सगळे नाल्याकडे गेलेत मॅडम.”

आम्हीही सायकली तशाच टाकून पळालो. नाल्याच्या दोन्ही काठांवर गर्दी, मधे सासूबाई. चढावर सायकल ढकलत नेलेली, घाम गळतोय. नवनीत पाण्याची बाटली घेऊन शेजारून पळतोय, त्याला झिडकारतायत – “सरक! पडसू ते उठसू, तुले काय!” सपाटी लागली तशा टांग टाकून बसल्या, घंटी वाजवत निघाल्या. गर्दी मागे. पिकअपमधल्या बायका तर नाचायलाच लागल्या.

पाचव्या आल्या. रेषेवर उतरल्या, गुडघा धरला, मग मला म्हणाल्या, “बठ्ठा डोंगर इतला भारी शे ते तू एकलीच का व जास?”

पदक गळ्यात आलं तेव्हा नाही, पण ‘एकटीच का जातेस’ या वाक्याला मी रडले.

२४ फेब्रुवारी

सासूबाई अंथरुणातून उठल्या नाहीत. गुडघे! मी तेल चोळलं. दिवसभर बायकांची रांग. प्रत्येकीला तोच किस्सा, प्रत्येक वेळी नाला थोडा जास्त रुंद.

९ मार्च

गल्लीतल्या सहा जणींना उसाच्या रस्त्यावर सायकल शिकवली. दोघी उसात गेल्या. बाहेर येईनात – हसत बसल्या होत्या.

१४ सप्टेंबर

पुढच्या हंगामाची नावनोंदणी आज सकाळी सुरू झाली. मी निवांत जेवून दुपारी फोन उघडला.

‘महिला गट पूर्ण भरला आहे.’

माझंच नाव राहिलं! ओट्यावर बसून एकटीच हसत सुटले.